जळगावला राहतो, जळगावला जातो

आपल्याकडचा एक साधा 'ला' घ्या. मी जळगावला राहतो. मी उद्या जळगावला जातो. सोमवारला पेपर आहे. दहाला रिपोर्टिंग आहे. आईला सांगितलं का? तो सापाला घाबरतो. मी या वेटिंग लिस्टला कंटाळलो. सगळीकडे तोच एक ला, आणि कुणाचा कधी गोंधळ झाला असं ऐकिवात नाही. आता हीच वाक्यं इंग्रजीत लिहायला बसा. राहतो तिथे इन, जातो तिथे टू, सोमवारच्या आधी ऑन, दहाच्या आधी ॲट, आईला सांगितलं म्हणताना 'टोल्ड' घेतलं तर मध्ये काहीच नाही आणि 'सेड' घेतलं तर मात्र टू, साप आणि वेटिंग लिस्ट दोन्हीकडे ऑफ. आपला एक प्रत्यय, तिकडे पाच शब्द आणि वर एक रिकामी जागा.

स्पर्धा परीक्षेच्या इंग्रजीत प्रिपोझिशनचे, म्हणजे या इन-ऑन-ॲटसारख्या शब्दांचे, मार्क जातात ते बहुतेक इथंच जातात असं माझं ठाम मत झालंय. संध्याकाळी ऑफिस सुटलं की मी आमच्याकडच्या एका अभ्यासिकेत जाऊन बसते, ज्यांना इंग्रजीचं काही विचारायचं असेल ते विचारतात. पोरं-पोरी चोपड्याची, यावलची, पारोळ्याची, साक्रीची, शहाद्याची, काही पार अक्कलकुव्याकडची. कुणी तलाठी, कुणी कंबाइन म्हणजे एमपीएससीची संयुक्त परीक्षा, कुणी बँक. गणितात तयार, जीएस म्हणजे सामान्य अध्ययन तोंडपाठ, बुद्धिमत्ता चाचणीत माझ्यापेक्षा फास्ट, आणि इंग्रजी आलं की आवाज खाली जातो, "ताई, प्रिपोझिशन सोडूनच देतो ना मी, त्याला काही नियमच नाही." हे वाक्य मी इतक्यांच्या तोंडून ऐकलंय की त्यासाठीच हा लेख लिहायला घेतला. सोडून देऊ नका. नियम आहे तिथे नियम शिका, नाही तिथे जोडी लक्षात ठेवा, आणि कुठे नियम आहे आणि कुठे फक्त जोडी आहे हे आधी वेगळं करा. बास, एवढंच करायचंय, पण ते मनापासून करायचंय.

सोडून देणं परवडत नाही हेही सांगते. २०२३ च्या तलाठी भरतीत १०० प्रश्नांपैकी २५ इंग्रजीचे होते, म्हणजे २०० पैकी ५० मार्क, निगेटिव्ह नव्हतं. बँकांसाठीच्या आयबीपीएस क्लार्कच्या प्रीलिमला २० मिनिटांत ३० प्रश्न इंग्रजीचे. केंद्र सरकारच्या नोकऱ्यांसाठीच्या एसएससी सीजीएलच्या दुसऱ्या टप्प्यात इंग्रजीचे ४५ प्रश्न, प्रत्येकाला ३ मार्क आणि चुकला की १ कमी. आता यात "प्रिपोझिशन" अशी पाटी लावून येणारे प्रश्न थोडेच असतात, पण चूक ओळखा, गाळलेली जागा, उताऱ्यातल्या रिकाम्या जागा, वाक्य सुधारा, या सगळ्यात तोच विषय वेश बदलून बसलेला असतो. मेरिट पॉइंटवर अडतं तिथे हे मार्क कुणी सोडावेत?

आणि एक राग आहे तो आधी काढून टाकते. ग्रुपवर फिरणाऱ्या त्या पीडीएफ. "५०० महत्त्वाचे प्रिपोझिशन", डाव्या बाजूला इंग्रजी शब्द, उजव्या बाजूला मराठी अर्थ, इन म्हणजे आत, ऑन म्हणजे वर, ॲट म्हणजे जवळ, बाय म्हणजे ने, विथ म्हणजे सोबत. हे पाठ करून पोरगं पेपरला बसतं, आणि समोर येतं की चाकूने कापलं. पीडीएफ म्हणते ने म्हणजे बाय. उत्तर असतं विथ. त्या पोराचं काय चुकलं सांगा? त्याने मेहनत केलीच होती, त्याला दिलेलं सामानच चुकीचं होतं.

तर आधी नियमवाले बघू, आणि त्यातही सगळ्यात जास्त मार्क खाणारा: पासून. आपण म्हणतो सकाळपासून अभ्यास चाललाय, आणि आपणच म्हणतो दोन तासांपासून अभ्यास चाललाय. मराठीत दोन्ही चालतं, कानाला काही खटकत नाही. इंग्रजी मात्र इथे थांबून विचारते की तू मला सुरुवातीची वेळ सांगतोयस की मधला काळ मोजून सांगतोयस. सकाळ ही सुरुवात आहे, २०२२ ही सुरुवात आहे, सोमवार, लहानपण, बारावी झाल्यापासून, ही सगळी सुरुवात, तिथे सिन्स. दोन तास, तीन वर्षं, कितीतरी दिवस, हा मोजलेला काळ, तिथे फॉर. म्हणून "सिन्स टू अवर्स" दिसलं की तिथेच चूक आहे, पुढचं वाचायचीही गरज नाही इतकी ती पेपर काढणाऱ्यांची आवडती चूक आहे. आणि याला लागूनच दुसरी मेख, क्रियापद. आपण म्हणतो चाललाय, म्हणून हात आपोआप "आय ॲम स्टडिइंग" लिहितो. सिन्स किंवा फॉर घेऊन आधी सुरू झालेलं अजून चालू आहे असं सांगायचं तर "आय हॅव बीन स्टडिइंग". चूक ओळखा मध्ये सिन्स बरोबर दिलेला असतो आणि चूक क्रियापदात लपवलेली असते, मुलं सिन्सवरच नजर लावून बसतात आणि "नो एरर" ला गोल करून येतात. सिन्स दिसला की डावीकडे क्रियापदाकडे नजर गेलीच पाहिजे, ही सवय लावून घ्या.

पासूनचा जोडीदार पर्यंत. हा जास्त फसवा आहे, कारण याच्यावर फार कुणी बोलत नाही. "शुक्रवारपर्यंत फॉर्म भर" आणि "शुक्रवारपर्यंत थांब". दोन्हीकडे पर्यंत. पहिल्यात काय सांगितलं? शुक्रवार ही शेवटची मुदत, त्याआधी कधीही एकदा भर आणि मोकळा हो. दुसऱ्यात? थांबणं शुक्रवार येईस्तोवर चालूच ठेव. पहिल्याला बाय, दुसऱ्याला अंटिल किंवा टिल. मी मुलांना एकच विचारायला सांगते, हे काम एकदा होऊन संपणारं आहे की तोवर चालत राहणारं आहे? फॉर्म भरणं, फी भरणं, पोचणं, परत करणं, हे एकदाच होतं, बाय. थांबणं, राहणं, वाट बघणं, अभ्यास करत बसणं, हे चालत राहतं, अंटिल. ज्यांनी शेवटच्या तारखेला रात्री सायबर कॅफेत बसून, साइट हँग होत असताना फॉर्म भरलेत त्यांना बायचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

आता ने. गणेशने मारलं, काठीने मारलं, बसने आला. करणारा माणूस असेल आणि वाक्य कर्मणी असेल तर बाय, हातातलं साधन असेल तर विथ, प्रवासाचं साधन असेल तर परत बाय, पण एकटं, म्हणजे बाय बस, बाय ट्रेन. मध्ये 'माय' किंवा 'द' किंवा 'अ' घुसलं की बाय जातो: इन माय कार, ऑन द बस. आणि पायी चालत आला तर ऑन फुट, हे जोडीनेच लक्षात ठेवायचं. बस-ट्रेनला ऑन आणि रिक्षा-कारला इन, याचं कारण मुलं विचारतात तेव्हा मी सांगते की ज्या वाहनात चढून उभं राहता येतं, आत चालता येतं ते ऑन, आणि ज्यात वाकून शिरून बसावं लागतं ते इन. पक्कं व्याकरण नाही हे, पण परीक्षेपुरतं कधी दगा देत नाही. जळगाव-भुसावळ गाडीत दाराशी उभं राहून रोज जाणाऱ्या माणसाला तर अजिबातच नाही.

इन-ऑन-ॲटवर मात्र थोडं रेंगाळते, कारण इथे खरंच एक सुंदर व्यवस्था आहे आणि ती कळली की अर्धं ओझं उतरतं. इंग्रजी जागेकडे तीन तऱ्हेने बघते. नकाशावरचा ठिपका म्हणून बघितलं तर ॲट, पृष्ठभाग किंवा रेघ म्हणून बघितलं तर ऑन, आणि चारी बाजूंनी वेढलेली जागा म्हणून बघितलं तर इन. गाडी भुसावळला थांबते, इथे भुसावळ हे फक्त लाइनवरचं एक स्टॉपेज आहे, म्हणून "स्टॉप्स ॲट भुसावळ". माझी मावशी भुसावळला राहते, आता भुसावळ एक शहर झालं, त्यात गल्ल्या आहेत, बाजार आहे, म्हणून "लिव्ह्ज इन भुसावळ". गाव तेच, बघणाऱ्याची नजर बदलली. आणि नदीकाठच्या गावाला ऑन, कारण नदी ही रेघ: धुळे पांझरेवर वसलंय, "धुळे इज ऑन द पांझरा". अमळनेर बोरी नदीवर, तेही ऑन. इथे कुणाला 'वर' म्हणजे पाण्यावर तरंगतंय असं वाटत नाही, मराठीतही आपण नदीवर वसलेलं गाव म्हणतोच की. जिथे मराठी आणि इंग्रजी सोबत चालतात तिथे त्यांना चालू द्यावं, उगाच घाबरून उलटं करू नये.

हीच नजर वेळेला लागू होते. घड्याळातली वेळ हा ठिपका, ॲट. दिवस आणि तारीख ही रेघेवरची जागा, ऑन. महिना, वर्ष, शतक हे मोठं आवार, इन. आपला नंदुरबार जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला तो १ जुलै १९९८ ला. नुसतं १९९८ लिहिलं तर इन, जुलै १९९८ लिहिलं तर इन, आणि १ तारीख घातली की लगेच ऑन. सगळ्यात छोटं माप दिवसाचं आलं की ऑन जिंकतो. म्हणूनच "इन द मॉर्निंग" पण "ऑन मंडे मॉर्निंग". "ॲट नाइट" हा अपवाद, पाठ करून टाका. आणि लास्ट, नेक्स्ट, धिस, एव्हरी यांच्या आधी काही म्हणजे काही लागत नाही, "ऑन लास्ट संडे" दिलं असेल तर तिथे चूक. वेळेवरचं अजून एक जाता जाता, गाडी ऑन टाइम म्हणजे ठरल्या मिनिटाला, आणि आपण इन टाइम पोचलो म्हणजे गाडी सुटायच्या आत.

आता माझी पद्धत सांगते. पुस्तकातली वाक्यं लंडन, पॅरिस, टॉम आणि मेरीची असतात, ती वाचून झाली की डोक्यात राहत नाहीत कारण टॉमशी आपलं काही देणंघेणं नाही. मी मुलांना सांगते की वाक्यं खान्देशाची बनवा. जीएसमध्ये जे पाठ करताय त्याचीच. दोन्ही कामं एकत्र होतात आणि विसरायला होत नाही.

उदाहरणार्थ फैजपूर. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन तिथे झालं, खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन, अध्यक्ष पंडित नेहरू. हे आमच्या यावल तालुक्यातल्या पोरींना तोंडपाठ असतं, त्यांच्या गावाशेजारचंच आहे. आता याचं इंग्रजी करा: "द सेशन ॲट फैजपूर वॉज प्रिसायडेड ओव्हर बाय नेहरू". ओव्हर आणि बाय एकाला एक लागून. पहिल्यांदा बघितलं की मुलं म्हणतात ताई यातलं एक जास्तीचं आहे. नाही ना. 'प्रिसाइड' या क्रियापदाला ओव्हर चिकटलेलाच असतो, एखाद्या सभेचं अध्यक्षपद भूषवणं म्हणजे 'प्रिसाइड ओव्हर', आणि वाक्य कर्मणी झालं तरी तो क्रियापदाला सोडून जात नाही. बाय आला तो करणाऱ्यासाठी, नेहरूंसाठी. दोघांची कामं वेगळी. पेपरमध्ये ओव्हर काढून टाकतात आणि आपल्याला चूक शोधायला लावतात, आणि कानाला तर ते बरंच वाटतं. असंच 'लुक्ड आफ्टर बाय', 'लाफ्ड ॲट बाय'. मागे एका पोरीने वहीत फैजपूरचं वाक्य लिहून त्याच्याखाली स्वतःचं लिहिलं होतं, "आमचं घर आजीच सांभाळते" याचं कर्मणी, "अवर हाउस इज लुक्ड आफ्टर बाय माय ग्रँडमदर". मी तिला म्हटलं, बाई, आता तुला हे कुणी शिकवायची गरज नाही.

खान्देश जिल्ह्याची १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम अशी विभागणी झाली, "वॉज डिव्हायडेड इन्टू". नुसतं 'इन' नाही, 'इन्टू', कारण एकाचं दुसऱ्यात रूपांतर झालं. तापी पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते, "फ्रॉम ईस्ट टू वेस्ट". खान्देशातून वाहते, "थ्रू". आणि सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते, "फ्लोज इन्टू". एक तापी घेतली आणि चार प्रिपोझिशन झाले. नंदुरबार खान्देशाच्या पश्चिमेला आहे आणि गुजरातही खान्देशाच्या पश्चिमेला आहे, मराठीत दोन्ही एकच, पण नंदुरबार आत आहे म्हणून "इन द वेस्ट ऑफ", गुजरात बाहेर आहे म्हणून "टू द वेस्ट ऑफ". ज्याने नकाशा बघितलाय त्याला हे एका मिनिटात बसतं. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाईंचं नाव दिलं, "नेम्ड आफ्टर बहिणाबाई चौधरी", आपण 'नावावरून' म्हणतो म्हणून कुणी ऑन लिहील कुणी फ्रॉम लिहील, पण जोडी आफ्टरचीच आहे.

आणि शिरीषकुमार. नंदुरबारच्या मुलांना हे नाव सांगावं लागत नाही. ९ सप्टेंबर १९४२, तिरंगा घेऊन निघालेली पोरांची मिरवणूक, पोलिसांचा गोळीबार, आणि त्यात शहीद झालेला हा शाळकरी मुलगा. इथे इंग्रजीत दोन गोष्टी मी नीट थांबून शिकवते. "फायर्ड ॲट द बॉइज" म्हणजे त्यांच्या दिशेने गोळ्या झाडल्या, लागल्या की नाही ते या शब्दांत नाही. "शॉट ॲट" चंही तसंच, आणि ॲट काढून नुसतं "शॉट हिम" म्हटलं की गोळी लागली. एवढ्याशा ॲटने किती फरक पडतो बघा. आणि मरणं. आजाराने, भुकेने मेला तर "डाइड ऑफ", जखमेने गेला तर "डाइड फ्रॉम", अपघातात गेला तर "इन", आणि देशासाठी गेला तर "डाइड फॉर द कंट्री". शेवटचं वाक्य तिथल्या कुठल्याही मुलाला लिहायला दिलं की तो फॉर सोडून दुसरं काही लिहीत नाही, कारण त्याला ते वाक्य मनातून माहीत आहे. माझा सगळा भरवसा या गोष्टीवर आहे, की जी गोष्ट आपली असते तिचं व्याकरण लवकर आपलं होतं.

आता जिथे काहीच लागत नाही ते. या गटात मराठी आपल्याला सरळसरळ खड्ड्यात नेते, म्हणून वेगळं पान करा वहीत. विषयावर चर्चा केली, 'वर' आहे म्हणून आपण "डिस्कस्ड अबाउट" लिहितो, पण डिस्कसला काही लागत नाही. गावाला पोचलो, म्हणून "रीच्ड ॲट", तेही नको. खोलीत शिरला, "एन्टर्ड इन्टू" नको, नुसतं "एन्टर्ड द रूम" (करार केला किंवा बोलणी सुरू केली तर मात्र एन्टर इन्टू बरोबर, आणि हे मुद्दाम विचारतात). तिच्याशी लग्न केलं, "मॅरीड विथ" नाही, "मॅरीड हर", आणि ती विवाहित आहे सांगताना "मॅरीड टू". आईसारखा दिसतो, "रिझेम्बल्स हिज मदर", मध्ये विथ नाही, टू नाही. गावावर हल्ला केला, "अटॅक्ड द व्हिलेज", पण 'ॲन अटॅक' असं नाम झालं की "ॲन अटॅक ऑन द व्हिलेज". हीच खुबी डिस्कसची, नाम झालं की "अ डिस्कशन अबाउट" किंवा "ऑन" चालतं. म्हणजे शब्द क्रियापद म्हणून आलाय की नाम म्हणून ते आधी बघायचं. आणि खान्देशात तीन जिल्हे येतात, जळगाव, धुळे, नंदुरबार, याचं "खान्देश कम्प्राइझेस थ्री डिस्ट्रिक्ट्स", ऑफशिवाय, किंवा "कन्सिस्ट्स ऑफ थ्री डिस्ट्रिक्ट्स", ऑफसकट. हे दोन एकाखाली एक लिहून ठेवा, एकाचा ऑफ दुसऱ्याला जाऊन चिकटतो आणि तिथेच मार्क जातो.

याच्या अगदी उलट, शेवटी लागतो आणि आपण विसरतो असे. लिहायला पेन दे, लिहायला कागद दे, बसायला खुर्ची दे, राहायला घर नाही. मराठीत क्रियापदाला 'ला' लावला की काम झालं. इंग्रजी विचारते, पेन'ने' लिहिणार ना, मग "अ पेन टू राइट विथ". कागदा'वर' लिहिणार, "पेपर टू राइट ऑन". खुर्ची "टू सिट ऑन", घर "टू लिव्ह इन". वाक्य प्रिपोझिशनवर संपवू नये असं कुठेतरी ऐकलेलं असतं मुलांनी, त्यामुळे बरोबर वाक्य बघूनही शंका येते. शंका घेऊ नका. "अ हाउस टू लिव्ह" हे अर्धवट आहे, पेपरमध्ये ते चूक म्हणूनच दिलेलं असतं.

टूचे दोन प्रकार आहेत ते पटकन सांगते. एक टू क्रियापदाच्या आधीचा, टू गो, टू ईट. दुसरा खरा प्रिपोझिशन, त्याच्यापुढे क्रियापद आलं तर आयएनजी घेऊनच येतं. "लुक फॉरवर्ड टू" नंतर सीइंग, सी नाही. आणि युज्ड टू. "आय युज्ड टू वर्क इन द फील्ड" म्हणजे आधी करायचो, आता नाही. "आय ॲम युज्ड टू वर्किंग इन द हीट" म्हणजे उन्हात काम करायची सवय आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा आपल्यापैकी कुणीही हे दुसरं वाक्य छातीठोक म्हणू शकतं, आणि ॲम दिसला की पुढे आयएनजी, हे त्या उन्हासकट लक्षात राहतं. पेक्षाचं पण एक, पेक्षा म्हणजे दॅन हे सगळ्यांना येतं, पण सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर, प्रायर आणि प्रिफर यांना टू. मला पोळीपेक्षा कळण्याची भाकरी आवडते, "आय प्रिफर कळण्याची भाकरी टू पोळी", झालं.

उरलेल्या जोड्यांना मात्र कारण विचारू नका. गुड ॲट, अफ्रेड ऑफ, डिपेंड ऑन, इन्सिस्ट ऑन, इंटरेस्टेड इन, कॉन्ग्रॅच्युलेट ऑन, प्रिव्हेंट फ्रॉम, डिप्राइव्ह ऑफ. माणसाशी सहमत तर अग्री विथ, प्रस्तावाला संमती तर अग्री टू. माणसावर चिडला तर अँग्री विथ, गोष्टीवर चिडला तर अँग्री ॲट किंवा अबाउट. ही त्या भाषेची रूढी आहे, तिच्यात वाढलेल्या मुलाला ती ऐकून ऐकून येते, आपल्याला लिहून लिहून आणावी लागेल. रोज थोड्या जोड्या, स्वतःच्या घरच्या वाक्यात, मोठ्याने म्हणून. मनात नाही, मोठ्याने. अभ्यासिकेत बोलता येत नाही म्हणून आमच्याकडची मुलं बाहेर टपरीवर चहा पिताना एकमेकांना शब्द टाकतात, एक म्हणतो कॅपेबल, दुसरा म्हणतो ऑफ, पहिला म्हणतो एबल, दुसरा म्हणतो टू. रस्त्यावरचे लोक बघतात, बघू द्या.

आणि एक गोष्ट मला फार जिव्हाळ्याची आहे. आपल्याकडच्या मुलांना वाटतं की आपण अहिराणी बोलणारे, आपली मराठीच धड नाही तर इंग्रजी काय येणार. हे कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलेलं असतं, शाळेत, क्लासमध्ये, कधी नातेवाईकांनी. अरे, घरी "माय वावरमा गयी" म्हणणारं पोरगं शाळेत गेलं की "आई शेतात गेली" म्हणतं, घरचा 'मा' काढून शाळेचा 'त' लावतं, घरचा 'माले' शाळेत 'मला' होतो, आणि हे त्याने सहा-सात वर्षांचं असताना केलंय, कुणी तक्ता दिला नव्हता. कुठल्या माणसासमोर कुठला प्रत्यय हे त्याला वाक्य तोंडातून निघताना कळतं. सातपुड्यातली पावरी, भिलोरी बोलणारी मुलं तर त्याच्याही पुढे, त्यांची इंग्रजी तिसरी-चौथी भाषा. ज्याने दोन-तीन भाषांचे प्रत्यय एकमेकांत न मिसळता सांभाळलेत त्याला ॲट आणि इन सांभाळता येणार नाही असं मी मुळीच मानत नाही. एकच भाषा बोलत वाढलेल्या शहरी मुलापेक्षा या बाबतीत त्याचं डोकं जास्त तयार आहे. त्याला कमी पडतात ती पुस्तकं, वेळ, आणि न हसता ऐकून घेणारं माणूस.

प्रत्यक्ष पेपरात काय करायचं ते सांगते. गाळलेली जागा आली की पर्यायांकडे लगेच बघू नका, चारही पर्याय वाचले की चारही बरोबर वाटायला लागतात. आधी जागेच्या डावीकडचा शब्द बघा. तिथे अफ्रेड, डिपेंड, सीनियर असा जोडीवाला शब्द असेल तर उत्तर तिथेच आहे. नसेल तर उजवीकडे बघा, तिथे वेळ आहे, जागा आहे, साधन आहे की मुदत. एवढं बघून मनात उत्तर आलं की मग पर्यायात शोधा. चूक ओळखा असेल तर वाक्यातल्या प्रत्येक प्रिपोझिशनवर बोट ठेवून त्याचा मालक शोधा, हा कुणाचा आहे, क्रियापदाचा की नामाचा, आणि मालक सापडला नाही तर तो जास्तीचा आहे. आयोगाच्या, म्हणजे एमपीएससीच्या पेपरला चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या मार्कांचा पाव भाग जातो, त्यामुळे दोन पर्याय नक्की उडवता आले तर उत्तर द्या, चारही सारखेच वाटत असतील तर पुढे चला.

बिटवीन आणि अमंगवर हमखास वाद होतो. दोघांत बिटवीन, जास्तीत अमंग, हे शाळेतलं. प्रत्यक्षात तीन-चार ठरावीक पक्षांमध्ये, वेगवेगळे उभे करून बोलताना, इंग्रजी माणूस बिटवीनच म्हणतो, तीन देशांमधला करार असेल तर बिटवीन. परीक्षेत साधं वाक्य असेल तर शाळेचा नियम धरा, नावं मोजून दिली असतील तर जरा थांबून विचार करा, आणि शंका आलीच तर उत्तरतालिका आल्यावर पुराव्यासकट हरकत घ्या. हरकत घ्यायला आपली मुलं लाजतात, इंग्रजीच्या प्रश्नावर तर जास्तच. लाजू नका, तो तुमचा हक्क आहे.

आयोगाच्या साइटवर जुने पेपर उत्तरतालिकांसकट फुकट मिळतात. त्यातले फक्त इंग्रजीचे प्रश्न काढा, प्रिपोझिशन जिथे जिथे लपलाय तिथे पेन्सिलने खूण करा, आणि वहीत तारखेप्रमाणे न लिहिता डावीकडच्या शब्दाप्रमाणे लिहा, म्हणजे 'अग्री' चं एक पान, 'डाय' चं एक पान, काहीच लागत नाही त्यांचं एक पान. प्रत्येक पानावर पेपरातलं एक वाक्य आणि त्याच्याखाली आपल्या गावाचं एक. वही भरत आली की तिथे बसलेल्या एखाद्या नवीन मुलाला एक पान शिकवून बघा, जिथे तुम्ही अडखळाल तेवढंच परत करायचं राहिलंय.